इवायाच्या वेशीवर हत्ती

शिरूर अनंतपाळच्या शेषेरावांनी आयुष्यात जनावरं पुष्कळ घेतली आणि पुष्कळ विकली. बैल घेताना ते आधी शिंगं बघत, मग खूर बघत, मग चालवून बघत, आणि सगळं मनाजोगं असलं तरी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून उभे राहत. पण हत्ती घ्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ती आली येळवशीच्या दिवशी, त्यांच्याच रानात, आणि आणली ती त्यांच्या पोटच्या लेकीनं.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी सगळा लातूर जिल्हा घरांना कुलपं लावून रानात जेवायला जातो. शेषेरावांची लेक तनुजा लातूरला असते. तिचा नवरा सुदर्शन तिथल्या एका क्लासमध्ये पोरांना भौतिकशास्त्र शिकवतो. यंदा तनुजानं हट्ट धरून आपल्या सासू-सासऱ्यांनाही हिमायतनगरहून येळवशीला बोलावलं होतं. त्यात तिचा एक हेतू होता. तिचे वडील आणि तिचे सासरे रामलिंग हे दोघं इवाई, म्हणजे व्याही, लग्न झाल्यापासून एकमेकांशी धड बोलत नव्हते.

भांडण म्हणावं असं काही झालेलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत बोलणं बैलांच्या जातींवर आलं आणि रामलिंग म्हणाले, "आमचा लाल कंधारी दिवसभर औत ओढून राहतो. तुमची देवणी दिसायला मात्र देखणी." त्यातला 'मात्र' शेषेरावांच्या घशात अडकला तो अडकलाच. मुलीचा बाप पडल्यामुळे तिथं काही बोलता येईना. त्यांनी हसून इवायाच्या पानात आणखी एक जिलेबी वाढली आणि मनातल्या मनात लाल कंधारीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

येळवशीलाही तोच प्रकार. शेषेरावांची बायको कस्तुराबाई आणि रामलिंगांची बायको केवळाबाई या दोघी विहिणी कडब्याच्या कोपीमागं बसून आंबील पीत पोट धरून हसत होत्या. आणि दोघे इवाई आंब्याखाली सतरंजीच्या दोन टोकांना बसून "घ्या की" आणि "बास, लई झालं" यापलीकडं जात नव्हते. शेवटी तनुजा मधोमध येऊन बसली आणि दोघांचे मोबाईल मागून घेतले.

"ह्याच्यात एक खेळ घालून द्यायले," ती म्हणाली. "एकदा अण्णांची पाळी, एकदा मामांची. ज्याची पाळी त्यानं कवाबी घ्यावी. सकाळी घ्या, सांच्याला घ्या. घाई न्हाई."

अण्णा म्हणजे वडील, मामा म्हणजे सासरे. दोघांनी माना डोलावल्या, कारण नाही म्हणायचं तर बोलावं लागलं असतं.

खेळात दोघांना एकेक गढी होती. गढीभोवती वाड्या, वाड्यांत दर पाळीला पिकणारं धान्य, आणि त्या धान्यावर पोसायची फौज. भालाईत घोड्यांना अडवत. घोडेस्वार तिरंदाजांना तुडवत. तिरंदाज लांबूनच भालाइतांना टिपत. कुणीच सगळ्यांना भारी नव्हता. कोण कधी घ्यायचा आणि कुणासमोर उभा करायचा, यातच सगळी मेख. एकाची गढी पडली की खेळ संपला.

तनुजा हे सांगत असताना शेषेरावांचं लक्ष पडद्यावरच्या यादीत पार खाली होतं. तिथं हत्ती होता. सोंड हलवत होता.

"ह्यो घेतो," ते म्हणाले.

"अण्णा, आत्ताच नका घेऊ. हत्ती दार फोडतो हे खरं, पण खातो लई. आधी थोडे भालाईत घ्या, तिरंदाज घ्या."

"पण दिसायला कसा हाय बघ."

"दिसण्यावर काय हाय अण्णा?"

हे वाक्य शेषेरावांनी आयुष्यात एकदाच ऐकून घेतलं होतं, आणि तेही पंगतीत. त्यांनी हत्तीवर बोट दाबलं.

सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला रामलिंगांनी शांतपणे तिरंदाज घेतले.

पुढचे काही दिवस शेषेराव पाळी आली की हत्ती घेत. फौजेतल्या प्रत्येकाला नाव देता येतं हे कळल्यावर त्यांनी पहिल्याचं नाव हौशा ठेवलं, दुसऱ्याचं नवशा, तिसऱ्याचं गवशा. चौथा घेतला तेव्हा नाव सुचेना, म्हणून त्याचं 'उरलेला' ठेवलं. सकाळी चहा घेताना ते चौघांना गढीसमोर एका रांगेत उभे करत आणि नुसते बघत बसत. हत्तीवर बोट जरा जास्त वेळ दाबून धरलं की त्याची सगळी माहिती येई; किती चालतो, काय खातो, कशाला भितो. ती त्यांनी इतक्यांदा वाचली की तोंडपाठ झाली. बाकीच्यांची माहिती त्यांनी उघडूनही बघितली नाही.

"एवढ्यांना घालनार काय?" कस्तुराबाईनं एकदा डोकावून विचारलं.

"पिकंल की वाडीत."

"आन् न्हाई पिकलं तर?"

शेषेरावांनी तिच्याकडं दयेनं बघितलं. फौजेतलं बायकांना काय कळतं, असं त्यांचं तोंड झालं होतं. दुसऱ्या दिवशी धान्य संपलं आणि चारही हत्ती खाली बसले. उपाशी हत्ती जागचा हलत नाही, असा त्या खेळाचा नियम होता. खरं म्हणजे तो कस्तुराबाईचाही नियम होता, पण तिला कुणी पुढं बोलू दिलं नव्हतं.

नेमके तेव्हाच रामलिंगांचे तिरंदाज शेषेरावांच्या पहिल्या वाडीच्या वेशीपाशी आले. खेळात एकमेकांना निरोप धाडायची सोय होती. रामलिंगांचा निरोप आला.

"येऊ का?"

शेषेराव ताडकन उठून बसले. मुलाचे वडील दारात उभे राहून येऊ का विचारतात आणि आपण आडवे पडून वाचतो, हे त्यांना कसंसंच झालं. त्यांनी टोपी घातली, वेस उघडायचं बटण दाबलं आणि उत्तर लिहिलं, "या की. घर तुमचंच हाय."

तिरंदाज आले. अख्खी वाडी ताब्यात घेऊन बसले. दुपारी तनुजाचा लातूरहून फोन आला. हे सगळं तिला तिच्या मोबाईलवर दिसत असे.

"अण्णा, वेस का उघडली?"

"मग? तुझ्या सासऱ्याच्या तोंडावर दार लावायचं व्हय?"

"अहो, ते वाडी लुटायला आलते!"

"विचारून आले गं. रीतीनं आले."

 तनुजानं लहान पोराला सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "अण्णा, खेळात मानपान नसतो. मामांनी विचारलं तरी वेस उघडायची नाही. उलट धरून ठोकायचं. मी काही मनावर घेणार नाही, मामाही घेणार नाहीत. कळलं?"

"ठोकायचं?" शेषेरावांनी पुन्हा विचारलं. खात्री करून घेतलेली बरी.

"ठोकायचं."

लग्नानंतर इतकी गोड गोष्ट लेकीच्या तोंडून त्यांनी ऐकली नव्हती.

त्या दिवसापासून खऱ्या लढाईला तोंड फुटलं. शेषेरावांनी राहिलेल्या वाड्यांचं धान्य साठवलं, एकट्या हौशाला पोटभर खाऊ घातलं आणि तिरंदाजांच्या अंगावर सोडला. जवळ आलेल्या हत्तीपुढं तिरंदाजाचं काय चालणार? वाडी सुटली. शेषेरावांनी निरोप धाडला, "नीट जावा. पुन्हा यावा." हा टोमणा होता, पण रामलिंगांनी तो सरळ घेतला आणि उत्तर दिलं, "हाव, येतो की."

आणि आले. पण आता एक विचित्र गोष्ट घडायला लागली. शेषेरावांनी घोडेस्वार घेतले की पुढच्याच पाळीला रामलिंगांकडं भालाईत उभे असत. शेषेरावांनी भालाईत घेतले की तिकडं तिरंदाज. डावीकडून निघावं तर डावीकडं खंदक खणलेला. इवायाला आपल्या मनातलं कळतं तरी कसं, या विचारानं शेषेरावांना अन्न गोड लागेना. त्यांनी बरंच धान्य खर्चून खेळातला हेर घेतला आणि हिमायतनगरच्या गढीकडं धाडला. हेरानं येऊन सांगितलं, "शत्रूच्या गढीत हालचाल दिसते आहे."

"ह्ये मला बी कळतंय की रे भाड्या," शेषेराव मोबाईलला म्हणाले.

उलगडा एका दुपारी झाला. शेषेराव ओसरीवर डोळे मिटून पडले होते. आत कस्तुराबाई फोनवर बोलत होती. दोघी विहिणींचं रोज दुपारी बोलणं होई. भाजी काय केली, पाणी आलं का, तनुजाचा खोकला गेला का.

"आमच्याकडं आज शेपू," कस्तुराबाई सांगत होती. "आन् ह्यांनी आज पुन्हा घोडे घेतले बघा ईनबाई. काळे. उजव्या अंगाला उभे करायलेत. तुमच्याकडं काय?"

शेषेरावांनी डोळे उघडले. बायकोला ओरडावं असं त्यांच्या मनात आलं, पण लगेच दुसरंच काही आलं, आणि ते इतकं भारी होतं की ते पडल्या पडल्या हसायला लागले. फितूर घरातच असेल तर त्याच्यासारखी सोय नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी घसा साफ केला.

"उद्या सगळे हत्ती डोंगराच्या वाटेनं धाडतो!" ते चुलीकडं तोंड करून म्हणाले. "डोंगराच्या! नदीच्या वाटेनं एक बी न्हाई! डोंगरानं!"

"बरं," कस्तुराबाई म्हणाली. "भाकरी देऊ का?"

शेषेरावांचा बेत अर्थातच नदीच्या वाटेचा होता. दुपारी ते ओसरीवर घोरायचं सोंग घेऊन पडले आणि कान आत लावले.

"ईनबाई, ह्ये सकाळधरून डोंगर डोंगर करायलेत," कस्तुराबाई फोनवर म्हणाली. "पर मला न्हाई खरं वाटत. खरं असतं तर एवढं वरडले असते व्हय? ज्या दिशी बैल विकायचा असतो ना, त्या दिशी ह्ये घरात कुजबुजत्यात. मोठ्यानं बोलले की समजायचं, खोटं हाय."

नेमकं यावेळी शेषेरावांचं घोरणं सोंग राहिलं नव्हतं. त्यांना खरंच डोळा लागला होता, त्यामुळे हे त्यांनी ऐकलंच नाही.

रामलिंगांनी सगळी फौज नदीच्या उतारावर आणून ठेवली. तिरंदाज मागं, भालाईत पुढं, एक तोफसुद्धा. डोंगराच्या वाटेवर कुत्रं नव्हतं.

इकडं सकाळी शेषेरावांना चष्मा सापडेना. उशाखाली नाही, फळीवर नाही, देवापाशी नाही. पाळी तर आलेली. डोळे बारीक करून त्यांनी मोबाईल हातभर लांब धरला आणि निळ्या रेघेवर बोट टेकवलं. नदीची रेघ निळी होती. डोंगराचीही जरा निळसरच होती. चष्मा म्हशीच्या गव्हाणीत सापडला, तो डोळ्यांवर चढवून त्यांनी बघितलं, तर हौशा, नवशा, गवशा आणि उरलेला एकामागं एक डोंगर चढत होते.

"मेलो," शेषेराव म्हणाले. आपणच गाजावाजा केलेल्या वाटेवर आपलेच हत्ती आपणच घातले होते. पाळी परत घ्यायची सोय नव्हती. तो दिवस त्यांनी जीव मुठीत धरून काढला. पुढच्या पाळीला बघतात तर हत्ती डोंगर उतरून हिमायतनगरच्या गढीच्या दारात उभे. वाटेत कुणी अडवलं नव्हतं. गढीत दोन म्हातारे पहारेकरी सोडले तर माणूस नव्हता. आता रामलिंगांची एक पाळी, आणि मग हौशानं दाराला डोकं लावायचं, एवढंच राहिलं होतं.

"हे असंच करायचं होतं मला," त्यांनी कस्तुराबाईला सांगितलं.

"व्हय का?" ती म्हणाली. "मग सकाळी मेलो मेलो कोन म्हनत होतं?"

शेषेराव रामलिंगांच्या पाळीची वाट बघत बसले. मोबाईलवर रामलिंगांच्या नावापुढं वाळूचं एक घड्याळ फिरत होतं. सांजेपर्यंत फिरत राहिलं. दुसऱ्या दिवशीही फिरत होतं. तिसऱ्या दिवशी शेषेराव रानात गेले ते मोबाईल हातात धरूनच, आणि पाणी देताना एक वाफा भरून दुसऱ्यात फुटला तरी त्यांना पत्ता नाही. कधीही पाळी घ्या, घाई नाही, असं सांगणाऱ्या लेकीचा त्यांना पहिल्यांदाच राग आला.

मग काळजी वाटायला लागली. इवाई आजारी तर नाही? त्यांनी कस्तुराबाईला फोन करायला लावला.

"बरे हायत की," कस्तुराबाईनं फोन ठेवून सांगितलं. "हळद शिजवायला लागलेत म्हनं."

"हळद?" शेषेराव उभे राहिले. "येशीत हत्ती उभे, आन् मानूस हळद शिजवायलाय?"

"मग काय हत्ती शिजवायचे?"

 शेषेरावांनी दोन दिवस आणखी कळ काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी ते धोतर-सदरा घालून, पिशवी घेऊन निघाले.

"कुठं?" कस्तुराबाईनं विचारलं.

"हिमायतनगरला. हळदीचं बेणं बघून येतो."

"आपल्याला कवा लावायची हाय हळद?"

"लावली तर लावायची."

चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेड आणि नांदेडहून भोकरमार्गे हिमायतनगर, असा सगळा दिवसाचा प्रवास. लेकीचं लग्न होऊन एवढे दिवस झाले, पण तिचं सासरचं घर शेषेरावांनी सोयरीक ठरवताना एकदाच बघितलं होतं. वाटभर ते दर गावाला मोबाईल काढून बघत. घड्याळ फिरतच होतं.

रामलिंगांच्या खळ्यावर मोठ्या कढईतून वाफा निघत होत्या, सगळीकडं ओल्या हळदीचा वास भरला होता, आणि रामलिंग स्वतः डोक्यापासून पायापर्यंत पिवळे होऊन उभे होते. इवायाला अचानक दारात बघून त्यांच्या हातातलं फावडं गळून पडलं.

"अरे! इवाई! काही कळवलं नाही, काही नाही?"

"सहज आलो. म्हनलं, बेणं बघावं."

"बेणं?"

"हळदीचं."

दोघांनाही ठाऊक होतं की शेषेराव कशाला आले आहेत. दोघांनीही तोंडातून काढलं नाही. रामलिंगांनी बेणं दाखवलं, गड्डा मोडून आतला रंग दाखवला, कुठल्या जमिनीत काय उतरतं ते सांगितलं. शेषेराव "असं का", "बरोबर" म्हणत होते आणि त्यांची नजर रामलिंगांच्या खिशात मोबाईल दिसतो का तिकडं होती. गोठ्यात लाल कंधारीची जोडी बांधली होती, तांबडीभडक, आखूड शिंगांची. रामलिंग काही न बोलता तिच्याजवळ थांबले. शेषेरावही थांबले. शिंगं बघितली, खूर बघितले.

"बरे हायत," शेवटी ते म्हणाले.

हे किती मोठं बोलणं होतं ते रामलिंगांना कळलं. त्यांनी लगेच आत ओरडून पुरण घालायला सांगितलं.

जेवण झालं, पान झालं. ओसरीवर दोघे तक्क्याला टेकले. केवळाबाई उंबऱ्यात सुपारी कातरत बसली.  मग शेषेरावांना राहवेना.

"तुमचा मोबाईल... चालू हाय ना?"

रामलिंगांनी मान खाली घातली. "हाय."

"न्हाई, म्हनलं रेंज-बिंज गेली का काय."

"खरं सांगू का इवाई," रामलिंग म्हणाले, "हळद हे निमित्त हाय. पाळी घ्यायची हिंमतच होईना. काय बी घेतलं तरी तुमचा हत्ती दार फोडणार. मी पाळीच घेतली नाही तर ते तसेच उभे. म्हणलं, राहू दे उभे. तेवढीच गढी वाचली." त्यांनी खिशातून मोबाईल काढला, पिवळ्या बोटांनी पुसला आणि इवायापुढं धरला. "धान्य उरलंय थोडंसं. नदीवरची फौज काही वेळेत पोचत नाही. तुम्ही माझ्या जागी असते तर काय घेतलं असतं?"

इतक्या सरळपणे इवाई काही विचारेल असं शेषेरावांना वाटलं नव्हतं. त्यांनी चष्मा चढवला. पडद्यावर त्यांचेच हत्ती होते, पण पलीकडच्या बाजूनं बघितल्यावर ते दुसऱ्या कुणाचे तरी वाटत होते, आणि फारच मोठे. कुणी जनावराबद्दल सल्ला विचारला की शेषेरावांचं भान सुटत असे. बाजारात परक्या माणसानं बैल दाखवला तरी ते तासभर बोलत. इथं तर घरचा माणूस विचारत होता.

"भालाईत घेऊ नका," ते पुढं सरकून म्हणाले. "हत्ती भाल्याला जुमानत न्हाई. तिरंदाज घेऊ नका, जवळ आला की तुडवतो. घोडा तर हत्तीच्या वासानंच उधळतो. ह्ये बघा, इथं खाली. मशालवाले."

"हे? हे तर सगळ्यात हलके. कुणीच घेत नाही ह्यांना."

"म्हणून तर! हत्ती कशाला बी भीत न्हाई, फक्त जाळाला भितो. लिहिलंय तिथं. आन् एक भ्याला की चारी भितात. दोन मशालवाले घ्या, दाराच्या भायेर उभे करा. आत नका ठेवू. भायेर, अगदी सोंडेसमोर."

"असं म्हणता?"

"माझ्यावर सोडा."

रामलिंगांनी मशालवाले घेतले. दाराबाहेर, सोंडेसमोर उभे केले. पाळी संपल्याचं बटण दाबलं.

हौशानं सोंड वर केली आणि असा किंचाळला की गोठ्यातल्या बैलांनी कान टवकारले. मग तो वळला. त्याला बघून नवशा वळला, गवशा वळला, उरलेला तर आधीच पळायला लागला होता. चौघे डोंगर चढून, डोंगर उतरून, वाटेत शेषेरावांचीच एक वाडी तुडवून, पार नकाशाच्या बाहेर निघून गेले.

"बघा!" शेषेरावांनी मांडीवर थाप मारली. आनंदानं त्यांचा चेहरा फुलून गेला होता. "बघा, म्हनलो न्हाई का? एक पळाला की चारी पळतात! कसे पळाले बघा! शेपट्या वर करून!"

"लई भारी!" रामलिंगही ओरडले. "काय अक्कल हाय इवाई तुमची!"

केवळाबाईनं अडकित्ता खाली ठेवला. "पर हत्ती कुणाचे होते?" तिनं विचारलं.

 शेषेरावांचा हात मांडीवर तसाच राहिला. रामलिंगांनी पडद्याकडं बघितलं, इवायाकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा हळदीतूनही लाल झालेला दिसला.

"मी परत घेतो," ते घाईनं म्हणाले. "पाळी परत घेतो. दारी आलेल्या पाहुण्याचा सल्ला घेऊन पाहुण्यालाच... छे, छे!"

पाळी परत घ्यायचं बटण दोघांनी मिळून शोधलं. सापडेना, म्हणून तनुजाला फोन लावला.

"मामा, पाळी परत घेता येत नाही," ती म्हणाली. मग मागून बोलल्याचा आवाज ऐकून थबकली. "हे कोण बोलायलंय? अण्णा? अण्णा, तुम्ही हिमायतनगरला? कशाला?"

"बेणं बघायला," शेषेराव म्हणाले.

"बेणं बघायला आलेत," रामलिंगांनीही ठासून सांगितलं.

पलीकडून तनुजा इतकी हसायला लागली की सुदर्शनला फोन घ्यावा लागला. तिचं हसणं ऐकून केवळाबाई हसली, मग रामलिंग, आणि शेवटी शेषेरावांनाही आवरेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले. हत्ती गेल्याचं वाईट वाटत होतं, पण सल्ला बरोबर निघाल्याचं सुख त्याहून थोडं जास्तच होतं.

शेषेरावांची गढी तर आता उघडीच पडली होती. सगळं धान्य हत्तींवर गेलेलं, घोडेस्वार आणि भालाईत आधीच्या लढायांत संपलेले, आत पहारा नाही. नदीवरची रामलिंगांची फौज सरळ चालत जाऊन ती घेऊ शकत होती. पण शेषेरावांनी गुपचूप आपली पाळी घेऊन टाकली, तरी रामलिंगांनी मोबाईल उशाखाली सारला.

"तुम्ही माझ्या घरात असताना तुमची गढी घेत नसतो मी," ते म्हणाले. "ते आपल्यात बसत नाही."

सकाळी त्यांनी शेषेरावांना बसस्टँडवर सोडलं. निघताना हळदीच्या बेण्याचं एक गच्च भरलेलं पोतं बसमध्ये चढवून दिलं. शेषेरावांना ते नको होतं, पण बेणं बघायला आलेल्या माणसाला नाही कसं म्हणता येणार? पोतं पायापाशी ठेवून, गुडघे छातीला लावून ते बसले. बस हलली. खिडकीतून रामलिंग दिसेनासे होईपर्यंत हात हलवत होते.

भोकर मागं पडलं आणि खिशातला मोबाईल वाजला. रामलिंगांच्या लेखी इवाई आता पाहुणे राहिले नव्हते. शेषेरावांनी चष्मा लावून बघितलं आणि मोठा सुस्कारा सोडला.

"काय झालं हो बाबा?" शेजारच्या सीटवरची बाई म्हणाली.

"गढी पडली."

"आई गं!" बाईनं तोंडावर हात ठेवला. "कुणी दबलं का आत?"

शेषेरावांनी जरा आठवून बघितलं. "न्हाई. हत्ती कालच पळाले होते."

बाई थोडी सरकून बसली. कंडक्टर तिकिटं फाडत जवळ आला होता, त्यानंही ऐकलं. "कुठली गढी? कशी काय पडली?"

"पडली न्हाई, पाडली," शेषेराव म्हणाले. "हिमायतनगरच्या इवायानं."

"पाडली? मग पोलिसात द्या की!"

"कसं द्यावं?" शेषेराव म्हणाले. "लेक दिलीय त्यांच्याकडं."